एका नावाचे तिघे

चरित्रकोशाच्या कचेरीत तिला सगळे पाठीमागे 'चाळणी' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. एकदा टंकलेखिकेच्या तोंडून तो शब्द तिच्यासमोरच निसटला. बिचारी टंकलेखिका पांढरीफटक पडली. ही म्हणाली, "चाळणीच बरी गं. खडे पुढे गेले तर दात लोकांचे पडतात."

कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. लांबट खोली, भिंतीला लोखंडी खणांची कपाटं आणि त्या खणांत बेचाळीस हजार कार्डं. शहरात जन्मून काही नाव कमावून गेलेल्या प्रत्येक माणसाचं एक कार्ड. जन्म, मृत्यू, काम, पुरावा कुठला. तीस वर्षं ती त्या मेलेल्या माणसांत वावरत होती. म्हणायची, "जिवंत माणसांपेक्षा बरी. उलट बोलत नाहीत."

नवी आवृत्ती निघायची होती आणि तिच्या वाट्याला सगळ्यांत किचकट काम आलं होतं. एकाच नावाची माणसं वेगवेगळ्या काळांत होऊन गेली, की त्यांची कामं एकमेकांना चिकटतात. ती सोडवायची. मागच्या आवृत्तीत एका मल्लाच्या नावावर तीन गाजलेले निवाडे छापून गेले होते आणि त्याच नावाच्या न्यायाधीशाच्या नावावर कुस्त्या. न्यायाधीशाच्या नातीचं पत्र आलं होतं, 'आजोबांना जिना चढतानाही धाप लागायची.'

त्या एका नावाची सात कार्डं होती. सगळ्यांत जुना तीनशे वर्षांपूर्वीचा, शहरात पहिला कालवा आणणारा. त्यानंतर एक नकाशे काढणारा, मग तो मल्ल, तो न्यायाधीश, आणखी दोघं किरकोळ. आणि सगळ्यांत प्रसिद्ध तो पुतळ्यातला. एकशे चाळीस वर्षांपूर्वी तो धरणाचा मुख्य अधिकारी होता. महापुराच्या दिवशी भर दुपारी, छातीपर्यंत पाणी आलेलं असताना, त्यानं स्वतःच्या हातांनी धरणाचे दरवाजे उघडले आणि शहर वाचवलं. चौथऱ्यावर तसं कोरलेलंच होतं. तेव्हापासून शहरात दर तिसऱ्या घरी मुलाला तेच नाव. मैदानावर कुणी हाक मारली की पाच पोरं वळून बघत.

तिच्या थोरल्या भावाचंही तेच नाव होतं. वडील शाळेत इतिहास शिकवायचे. बारशाच्या आधीच त्यांनी ठरवून टाकलं होतं. पण गेली अकरा वर्षं घरात त्या नावाचा उच्चार झाला नव्हता. ती त्याला 'दादा' म्हणायची आणि इतर कुणी हाक मारायला यायचंच नाही.

दादा एका रंगाच्या कारखान्यात पाळीप्रमुख होता. एके दुपारी साठवणीच्या खोलीत आग लागली. मागचं दार मालकांच्या हुकमानं कायम कुलूपबंद असायचं आणि त्याची किल्ली पाळीप्रमुखाच्या जुडग्यात. त्या दिवशी पुढच्या दारानं साठेक माणसं बाहेर पडली, त्यांत दादा होता. जुडगा त्याच्याजवळ होता. मागच्या दारापाशी चौघीजणी राहिल्या.

चौकशी झाली. दार बंद ठेवण्याचा नियम मालकांचा, धुरात परत जाणं कुणालाही शक्य नव्हतं, पाळीप्रमुखाचा दोष नाही, असं चौकशीनं लिहिलं. कागदावर तो सुटला. त्या दिवशी घरी आला, पेचकस घेतला आणि आपल्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढून गच्चीवर नेऊन ठेवलं. मग स्वयंपाकघराचं. मग न्हाणीघराचं. बाहेरचं दार तिनं हातापाया पडून वाचवलं, तेही कडी काढून. तेव्हापासून घरात नुसते पडदे. पाहुणे आले की ती सांगायची, "न्हाणीघरात गाणं म्हणत बसा, म्हणजे आत कुणी आहे ते कळेल." पाहुणे हसायचे. पुढे पुढे पाहुणेच यायचे थांबले.

दादा मागच्या खोलीत बसून लोकांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करायचा. मांडीवर एक पंचा असायचा. दर थोड्या वेळानं त्याला तळहात पुसायचा आणि पुन्हा तारांना हात घालायचा. त्या दुपारविषयी त्यानं कधी अवाक्षर काढलं नाही. तिनंही विचारलं नाही. तिला वाटायचं, जखमेवर धरलेली खपली आपण कशाला काढायची.

असं चाललं होतं, आणि एके दिवशी दुपारी जेवून ती टेबलाशी परत आली तर पुतळ्यातल्या माणसाचं कार्ड ओलं होतं.

पाण्याचा शिंतोडा उडावा तसं नव्हे. कार्ड मऊ पडलं होतं, कडा वाकल्या होत्या. तिनं वर पाहिलं. छत कोरडं. तिनं कार्ड वाळवलं, शाई फुटली होती म्हणून नवं लिहिलं. दुसऱ्या दिवशी जेवून आली तर नवंही ओलं. शेजारची सहा कार्डं ठणठणीत कोरडी.

कचेरीच्या मागे पाणीखातं होतं, तेव्हा भिंतीतून नळ गेला असेल असं सगळ्यांनी ठरवलं. नळवाला आला. त्यानं भिंतीला कान लावला, ठोकून पाहिली, दोन ठिकाणी गिलावा उकरला. मग हात झटकत म्हणाला, "बाई, या भिंतीत नळच नाही. कधी नव्हताच."

"मग ओल कुठून येते?"

"ओल भिंतीला असते. तुमच्या तर कार्डाला आहे." तो हत्यारं आवरून निघून गेला.

त्याच आठवड्यात टंकलेखिका म्हणाली, "ताई, ते गृहस्थ आज परत आले होते."

"कोण गृहस्थ?"

"तुम्ही जेवायला गेलात की येतात. उंच आहेत. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, बुटांना आरशासारखं पॉलिश. जुन्या नाटकातून उठून आल्यासारखे वाटतात. विचारतात, दुरुस्ती कुठे द्यायची? मी म्हणते, ताई येतीलच, बसा. ते तुमच्या टेबलापाशी थोडा वेळ उभे राहतात आणि जातात."

"नाव नाही विचारलंस?"

"वहीत लिहितात की."

येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही दारापाशीच असायची. तिनं उघडली. गेले नऊ दिवस, रोज बाराच्या पुढेमागे, तेच नाव. त्या शहरात ते नाव वहीत दिसलं तर कुणी डोळे वर करून पाहिलं नसतं. तिच्या डोळ्यात भरली ती सही. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब, खाली वळून पुन्हा वर आलेली. असेल कुणी वंशज, खापरपणजोबांच्या नोंदीत चूक सापडली असेल, असं म्हणून तिनं वही मिटली. पण त्या दिवशी घरी जाताना जिना उतरता उतरता ती दोनदा मागे वळून पाहत होती.

कार्ड सारखं नव्यानं लिहावं लागत होतं, तेव्हा एकदा मूळ पुरावे तरी बघून घेऊ, म्हणून तिनं धरणाचे जुने कागद मागवले. त्यांत पुराच्या वर्षाचा हजेरीपट होता. पहिल्याच पानावर ती थबकली. ते नाव दोनदा होतं. एक वर, मुख्य अधिकारी म्हणून. दुसरं अगदी तळाशी, दरवाजांचा रखवालदार म्हणून. कारकुनानं गोंधळ नको म्हणून एकापुढे 'मोठे' आणि दुसऱ्यापुढे 'धाकटा' लिहिलं होतं. मोठे सही करायचे. धाकटा अंगठा उठवायचा.

पुराच्या दिवशी सकाळी दोघांचीही हजेरी होती. त्यानंतर मोठ्यांची दोन दिवस नव्हती, तिसऱ्या दिवसापासून पुन्हा होती. धाकट्याचा अंगठा त्यानंतर कुठेच नव्हता.

आता तिच्यातली चाळणी जागी झाली. शहराच्या वेशींवर तेव्हा नाके होते आणि प्रत्येक गाडीची वेळ लिहून ठेवत. उत्तर नाक्याची वही पालिकेच्या तळघरात निघाली. पुराच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता मोठ्यांची घोडागाडी शहराबाहेर गेली होती. आत त्यांची बायको, दोन मुलं आणि स्वतः ते. दरवाजे उघडले गेले बारा ते एकच्या दरम्यान; पाण्याची उंची मोजणाऱ्यानं ते वेगळं लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सरकारी खबरनाम्यात एकच ओळ आली: धरणाचे दरवाजे अमक्यानं उघडले. नुसतं नाव. धाकटा वाहून गेला होता आणि दरवाजांपाशी त्याला पाहणारं कुणी उरलं नव्हतं. त्यानंतर दोन दिवसांनी मोठे परतले तेव्हा वेशीवर लोक त्यांना खांद्यावर घ्यायला उभे होते.

म्हणजे खोटं कुणीच बोललं नव्हतं. घात केला तो नावानं.

हजेरीपट मिटताना तिची नजर मोठ्यांच्या सहीवर गेली. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब होती. खाली वळून पुन्हा वर आलेली.

ती उठली, दारापाशी गेली, वही आणली आणि दोन्ही सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. खिडकीतून ऊन येत होतं, टंकलेखिकेचं यंत्र टकटक चाललं होतं, रस्त्यावर कुणीतरी जुने डबे विकत घ्यायला ओरडत होतं. आणि तिच्यापुढे दोन्ही शेपट्या तंतोतंत जुळत होत्या.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? तिनं तिच्या परीनं उपाय केला. धाकट्याचं कार्ड तयार केलं. आठवं. 'धरणाचा रखवालदार. महापुरात दरवाजे उघडताना मृत्यू. पुरावा: हजेरीपट.' तिला वाटलं, बिचारा एकशे चाळीस वर्षं पुराच्या पाण्यात उभा आहे, म्हणून कार्ड भिजतंय. त्याचं त्याला मिळालं की थांबेल.

संपादकसाहेबांनी कार्ड वाचलं, चष्मा काढला. साहेब भला माणूस, पण वादळ लांबूनच बघणारा. "अहो, पुतळा उभा आहे! शाळेच्या पुस्तकात धडा आहे. माझ्या नातवाचं नाव काय आहे ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. नातवाचं नाव बदलायला मी कुठे सांगते? ते धाकट्याचंही नाव होतंच."

साहेबांनी चष्म्याची काच पुसली. "धाकट्याचं कार्ड राहू द्या. पण मोठ्यांना हात लावू नका. त्या दिवशी ते कुठे होते, ते आपल्याला कशाला हवं?"

दुसऱ्या दिवशी ती जेवायला गेलीच नाही. टंकलेखिकेला पाठवून दिलं आणि आपण टेबलाशी बसली. बाराला पाच कमी असताना जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, करकर वाजणाऱ्या बुटांची.

तो आत आला. टंकलेखिकेनं सांगितला होता तसाच. उंच, ताठ, कोटाची बटणं गळ्यापर्यंत. वहीत सही केली. तिच्यापर्यंत येऊन थांबला. कपडे कोरडे होते, बुटांवर चिखलाचा ठिपका नव्हता. चेहरा तिनं रोज चौकातून जाताना पाहिलेला होता, फक्त दगडात तो असा दमलेला नव्हता.

"दुरुस्ती कुठे द्यायची?" त्यानं विचारलं.

 तीस वर्षांची सवय कामी आली. तिनं कोरा कागद ओढला. "माझ्याकडे. सांगा, मी लिहून घेते."

त्यानं तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्याशी बटणाखाली काहीतरी वर चढलं आणि खाली उतरलं. ती पेन टेकवून थांबली. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले, पाच मिनिटं गेली, दहा गेली. त्यानं उजवा हात पुढे केला आणि टेबलावरच्या त्या कार्डावर ठेवला. पडू नये म्हणून माणूस कठड्यावर ठेवतो तसा.

मग म्हणाला, "नंतर येतो."

पावलं जिना उतरून गेली. कार्ड भिजलं होतं, आणि आता तिला आकार दिसला. चार बोटं आणि तळहात. तिनं त्यावर हात ठेवला. ओल कोमट होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती थेट मागच्या खोलीत गेली. दादा एका रेडिओची पाठ उघडून बसला होता. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. हजेरीपट, नाका, सही, तो माणूस. अकरा वर्षांत घरात इतकं बोलणं झालं नव्हतं. दादा मान खाली घालून ऐकत होता.

"पळाला?" शेवटी त्यानं विचारलं.

"हो."

"आणि राहिला तो दुसराच."

"हो. नाव तेच. म्हणून मला वाटलं, धाकट्याला त्याची जागा दिली की हे थांबेल. पण दादा, आला तो मोठाच. त्याला तर सगळं मिळालंय. पुतळा, धडा, सगळं. तो कशाला येतो?"

दादानं पंचा उचलला, हात पुसले. "चिमे, तू पुस्तकांत राहिलीस. राहिलेला कशाला परत येईल? तो सुटला. येतो तो पळालेलाच."

"पण कार्ड ओलं कशानं होतं? तो तर कोरडा होता."

"पाणी नव्हेच ते." दादानं आपला तळहात तिच्यापुढे धरला. पुसून क्षणही झाला नव्हता, तरी रेषारेषांतून ओल वर येत होती. "घाम आहे. हात आवळून धरला की सुटतो. मग थांबत नाही."

ती त्या तळहाताकडे पाहत राहिली. पंचा तिनं रोज धुतला होता. अकरा वर्षं. तेलाचे डाग असतात म्हणून.

दादा म्हणाला, "त्याला कधी कुणी विचारलंच नाही का? पुरानंतर तो किती जगला?"

"एकतीस वर्षं."

"एकतीस वर्षं. आणि घरात बायको होती, मुलं होती, ती त्याच गाडीत होती. एकानंही विचारू नये, की बाबा, तिथे काय झालं? माणूस तोंडाशी आलेलं किती दिवस धरून ठेवील? पुढेपुढे विचारलं तरी निघत नाही."

तो मोठ्यांविषयीच बोलत होता. पण तिचे कान तापले. रेडिओच्या उघड्या पोटातल्या तारा तिला धूसर दिसायला लागल्या. तिनं स्टूल पुढे ओढलं.

"दादा, तिथे काय झालं?"

त्यानं पंचा मुठीत धरला. तिला वाटलं, झालं, हाही आता 'नंतर' म्हणणार. रस्त्यावरचे दिवे लागले. शेजारच्या घरात भांडी वाजली. मग तो बोलायला लागला, रेडिओकडे बघत, एखाद्या यंत्रातला दोष समजावून द्यावा तसा.

"मी जिन्यात होतो. जुडगा हातात होता, खिशात नव्हता. चौकशीत मी खिशात म्हणालो. मागच्या दाराच्या पलीकडून ठोठावल्याचा आवाज येत होता. मी दोन पायऱ्या वर गेलो. दोनच. धूर होता, पण दिसत होतं गं. धुरात दिसत नव्हतं असं मी सांगितलं, तेही खोटं. दार दिसत होतं. चौदा-पंधरा पावलं. कुणीतरी 'साहेब' अशी हाक मारली. मग मी वळलो आणि खाली आलो. एवढंच. घाबरलो. दुसरं काही नाही."

ती रडली नाही. त्याला जवळही घेतलं नाही. तसं त्यांच्या घरात कुणी करत नसे. तिनं फक्त विचारलं, "हाक कुणाची होती?"

"घोगरा आवाज होता. चौघींतली एक, शिवणाऱ्या बाईची मुलगी, ती असावी. तिचाच आवाज तसा होता."

"त्या बाईला सांगितलंयस?"

दादानं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, "तू येशील बरोबर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं साहेबांना न विचारता मोठ्यांचं कार्ड पुन्हा लिहिलं. 'पळाले' असा शब्द घातला नाही. लिहिलं: 'महापुराच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता कुटुंबासह उत्तर नाक्यावरून शहराबाहेर गेले. दरवाजे उघडणारा याच नावाचा रखवालदार होता. हे ते आयुष्यात कधी कुणाला सांगू शकले नाहीत.' शेवटच्या अर्ध्या ओळीला पुरावा नव्हता. तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं विनापुराव्याचं काही लिहिलं.

बाराला तो आला. या वेळी तिनं विचारलं नाही. तिनं कार्ड उचललं आणि एकेक शब्द सुटा करत त्याला वाचून दाखवलं. 'साडेदहा वाजता' या शब्दांवर त्यानं डोळे मिटले. वाचून झालं तरी तो उभाच होता. मग गळ्याचं वरचं बटण त्यानं काढलं आणि श्वास घेतला, इतका लांब की टंकलेखिकेच्या टेबलावरचे कागद हलले. गेला तेव्हा पावलांचा आवाज झाला नाही. त्यानंतर तो कधी आला नाही, असं मी सांगितलं तर गोष्ट सोपी होईल. तो आला. महिन्यातून एखादेवेळी येतो, असं टंकलेखिका सांगते. दुरुस्तीचं विचारत नाही, बाकावर बसतो आणि जातो. काही ओझी एका वाचनानं उतरत नसावीत. कार्डाचं म्हणाल तर साहेबांनी ते पाहिलं, दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सही करून छापायला पाठवून दिलं. शेवटची अर्धी ओळ त्यांनी खोडली नव्हती.

शिवणाऱ्या बाईचं घर म्हणजे एक खोली होती. खिडकीशी यंत्र, त्यावर ती वाकलेली. वय पासष्टीच्या पुढचं. दोघं दारात उभी राहिली तेव्हा तिनं मान वर करून पाहिलं.

"कपडे उद्या मिळतील," ती म्हणाली.

"कपड्यांसाठी नाही," दादा म्हणाला. मग त्यानं आपलं नाव सांगितलं. पूर्ण. "त्या दिवशी पाळीप्रमुख मी होतो. मागच्या दाराची किल्ली माझ्या हातात होती."

बाईचं पाऊल यंत्रावर होतं. तिनं हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, धागा दातांनी तोडला, कापड बाजूला ठेवलं. "बसा," ती म्हणाली. खुर्ची एकच होती. दादा जमिनीवर बसला.

त्यानं सगळं सांगितलं. जिना, दोन पायऱ्या, दिसत असलेलं दार. एक शब्दही त्यानं मऊ केला नाही. बहीण चौकटीला टेकून उभी होती. तिला वाटत होतं, बाई आता ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. बाई ऐकत होती.

"हाक मारली म्हणालात."

"हो. 'साहेब' म्हणून."

"आवाज कसा होता?"

"घोगरा."

बाईनं पदर तोंडाशी धरला.  मग ती म्हणाली, "मला सगळ्यांनी सांगितलं, झोपेत जावं तशी गेली, तिला कळलंही नाही. डॉक्टरांनी, कारखान्याच्या लोकांनी, माझ्या भावानं. अकरा वर्षं मी हो हो म्हणते आहे. पण आईला कळत नाही का? माझी पोर अशी गपगुमान जाणारी नव्हती. लहानपणी न्हाऊ घालताना आख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची." तिनं डोळे पुसले. "ओरडली ना?"

"ओरडली. शेवटपर्यंत ठोठावत होती."

"बरं केलंन."

दादाची मान खाली होती. बाई त्याच्याकडे बघत राहिली. "क्षमा मागायला आलात का? तसं असेल तर आधीच सांगते. माझ्यापाशी ती नाही. शोधून पाहिली मी."

"नाही. मागायला तोंड नाही मला."

"मग ठीक आहे." ती उठली, कोपऱ्यातल्या माठातून दोन पेले पाणी आणलं, एक बहिणीला दिलं, एक त्याच्यापुढे जमिनीवर ठेवलं. हातात दिलं नाही. "पण एवढ्यावर संपलं असं समजू नका. मला अजून विचारायचंय. ती तिथे जेवायला कुणाबरोबर बसायची, हसायची का, कुणाशी भांडायची, काही म्हणजे काही ठाऊक नाही मला. सकाळी जायची आणि संध्याकाळी दमून यायची. तुम्ही तिला दिवसभर बघत होतात. सगळं एका दिवशी ऐकवणार नाही मला. पुढच्या गुरुवारी या."

उरलेल्या तीन घरांच्या दारीही तो गेला. एका घरानं दार उघडलं नाही. एका घरी मुलीच्या भावानं त्याच्या कानशिलात मारली आणि मग स्वतःच उंबऱ्यावर बसून रडला. चौथं घर शहर सोडून गेलं होतं. पत्ता मिळेना, म्हणून बहीण आता कचेरीतून पत्रं पाठवून शोध घेते आहे.

गुरुवारी मात्र तो न चुकता शिवणाऱ्या बाईकडे जातो. पहिले दोन गुरुवार बहीण बरोबर गेली होती. तिसऱ्या वेळी तो एकटाच निघाला. बाईनं त्या दिवशी एक लांबलचक पडदा कापायला जमिनीवर पसरला होता, आणि एका हातानं ताणून दुसऱ्यानं कापणं तिला जमत नव्हतं. तो दारातच घुटमळला.

"उभे काय राहिलात?" कात्रीवरून नजर न काढता ती म्हणाली. "आलाच आहात तर ते टोक धरा. घट्ट धरा. आणि सांगा, ती त्या बुटक्या मुलीबरोबर जेवायची म्हणालात, तिचं पुढे काय झालं?"